उंबऱ्याबाहेरचा बाक

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात शिपाई होते, सलग ३१ वर्षं. मोठ्या साहेबांच्या केबिनचं दार, दारावर हिरवा पडदा, आणि दाराच्या डाव्या हाताला आण्णांचं स्टूल. लाकडी, चार पायांचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली, कारण फरशी उंचसखल होती. शाळेतून येताना मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते जेवेपर्यंत शेजारी जमिनीवर फतकल मारून बसायची. एकदा मी मोजलं होतं, दोन भाकरी खाऊन होईपर्यंत आण्णा अकरा वेळा उठले. घंटी वाजली की उठायचं, घंटी न वाजता कुणी साहेब नुसता शेजारून गेला तरी उठायचं, आणि उठताना भाकरीचा हात मागे लपवायचा. त्या लपवलेल्या हाताचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, नंतर खूप वाटलं.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे रोम. गेल्या ऑक्टोबरात जाणं झालं, भाचा मिलानला शिकतो, तो म्हणाला मावशी ये, आणि मी चोवीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवूनही भारताबाहेर कधी पाऊल टाकलेलं नव्हतं तर गेले. बाकी सगळं बघितलं, फोटो काढले, पण मी सगळ्यात जास्त वेळ जिथे उभी राहिले ती जागा म्हणजे फोरममधल्या (जुन्या रोमचा मुख्य चौक) सिनेटच्या, म्हणजे बड्या कारभाऱ्यांच्या सभेच्या, इमारतीचा उंबरा. भाचा कंटाळून गेला शेवटी.

ती इमारत म्हणजे कुरिया. बाहेरून अगदी साधी, विटांची, उंच आणि चौकोनी, बघितल्यावर एखादं जुनं गोडाऊन वाटेल. आज उभी आहे ती डायोक्लेशन बादशहाच्या वेळची, इ.स. २८३ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, आणि पुढे तिचं चर्च झालं म्हणूनच वाचली. ब्राँझची मूळ दारंसुद्धा तिथे नाहीत, सतराव्या शतकात एका पोपने ती काढून लॅटरनच्या मोठ्या चर्चला नेऊन बसवली. आत गेलं की लांबट हॉल, साधारण २५ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद, छत खूप वर, खाली रंगीत दगडांची फरशी, आणि दोन्ही भिंतींना लागून तीन-तीन बुटक्या रुंद पायऱ्या. बस. ज्यांनी भूमध्य समुद्राच्या चहूबाजूंचं जग चालवलं त्यांची बसायची जागा म्हणजे ह्या पायऱ्यांवर मांडलेले बाक. समोर टोकाला एक चौथरा, त्यावर दोन कॉन्सुलांच्या, म्हणजे वर्षापुरत्या निवडलेल्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या, खुर्च्या.

आता त्या खुर्च्यांबद्दल सांगायला हवं. सेल्ला कुरुलिस म्हणायचे तिला. हस्तिदंताची किंवा हस्तिदंत मढवलेली, वाकदार पाय एकमेकांना कात्रीसारखे छेदणारे, पाठ नाही, हात टेकायला काही नाही, आणि घडी घालता येते. रोमन लोक म्हणत की ही आम्ही शेजारच्या एट्रुस्कन लोकांकडून घेतली, बारा लिक्टर, म्हणजे साहेबांच्या पुढे चालणारे पट्टेवाले, आणि जांभळ्या काठाचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, पण त्यांच्याचकडून. कॉन्सुल, प्रेटर, हुकूमशहा नेमला तर तो, आणि शहराची कामं बघणारे कुरुल ईडाइल ह्या थोड्याच अधिकाऱ्यांना ती मिळायची. घडीची असण्यात सगळी गंमत आहे, कारण नोकर ती काखोटीला मारून साहेबांच्या मागे चालायचा आणि जिथे उघडून ठेवेल तिथे सरकार सुरू. प्रेटर न्यायनिवाडा करायचा तो ह्या खुर्चीत, लाकडी चौथऱ्यावर बसून. काही बारीकसारीक कामं तो उभ्या उभ्या, वाटेत, स्नानगृहाला किंवा नाटकाला जाता जातासुद्धा करू शकायचा, गुलामाला मुक्त करण्याचं कामसुद्धा त्यात आलं (ही गोष्ट मला फार आवडते, की माणसाला मोकळं करायला खुर्चीची गरज नव्हती), पण महत्त्वाचं काही असेल तर बसलेलंच पाहिजे. बाकीचे उभे. कोण बसलाय आणि कोण उभा आहे एवढं बघितलं की लांबून कुणालाही कळायचं इथे सरकार कोण.

आणि म्हणूनच उठण्या-न उठण्यावरून तिथे काय काय झालंय. इ.स.पू. ६७ ची गोष्ट घ्या. ग्लाब्रिओ नावाचा कॉन्सुल रस्त्याने चालला होता आणि लुकियस लुकुलस नावाचा प्रेटर आपल्या खुर्चीत बसून होता, तो उठला नाही. मुद्दाम की कामात होता म्हणून कोण जाणे. कॉन्सुलने हुकूम सोडला आणि त्या प्रेटरची खुर्ची तिथल्या तिथे फोडून टाकली. भर चौकात, लोकांसमोर, हस्तिदंताचे तुकडे. आता लुकुलसने काय केलं बघा, तो भांडला नाही, नवीन खुर्ची मागवली नाही, त्याने त्यानंतर आपलं सगळं काम उभं राहून केलं. आणि त्याच्यासाठी म्हणून त्याच्या बरोबरीचे बाकीचे प्रेटरसुद्धा उभं राहून काम करायला लागले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. उभं राहणं हे ज्याला खाली दाखवायला वापरलं त्यानेच ते उचलून डोक्यावर घेतलं, आणि सोबतीच्या लोकांनी त्याला एकटं पडू दिलं नाही.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, इ.स.पू. ३०४ ची, ती मी दर वर्षी वर्गात सांगते, सिलॅबसमध्ये नसली तरी. ग्नेयस फ्लावियस नावाचा एक कारकून होता. कारकूनच, अधिकाऱ्यांच्या हाताखाली लिहिणारा, आणि घराणं गुलामीतून सुटलेलं. तो ईडाइलच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. पण निवडणूक घेणारा अधिकारी अडून बसला की कारकुनाचं नाव मी जाहीर करणार नाही, तेव्हा फ्लावियसने हातातली लिहायची पाटी खाली ठेवली आणि शपथ घेतली की इथून पुढे मी लेखनिकाचं काम करणार नाही. मोठ्या घरच्या लोकांना इतका राग आला की त्यांनी सुतक पाळावं तशा हातातल्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. आणि फ्लावियसने काय केलं तर कोर्टाची कामं कुठल्या दिवशी चालतात आणि कुठल्या दिवशी नाही, जे तोपर्यंत फक्त पुरोहितांना ठाऊक असायचं आणि त्यांना विचारायला जावं लागायचं, ती सगळी यादी पांढऱ्या फळ्यावर लिहून फोरममध्ये लावून टाकली. दाव्यात काय शब्द बोलायचे तेही उघड केलं. त्याच वर्षी तो आपल्या आजारी सहकाऱ्याला भेटायला त्याच्या घरी गेला. खोलीत बड्या घरची तरुण पोरं बसलेली. हा आत आला तर ठरवून कुणी जागचं हललं नाही. फ्लावियसने नोकराला सांगितलं, माझी खुर्ची आण. ती हस्तिदंताची खुर्ची तिथे त्या आजाऱ्याच्या खोलीत उघडली आणि तो तिच्यावर बसला आणि त्या पोरांकडे बघत राहिला. बोलला काही नाही. माझ्या वर्गात इथपर्यंत आले की एकदम शांतता होते, आणि मग मागच्या बाकावरचं एखादं पोरगं हमखास विचारतं, मग बाई, ती पोरं उठली का. ते काही लिहून ठेवलेलं नाही, मी सांगते, पण त्यांचा चेहरा काय झाला असेल ते तू सांग.

तर अशी ती खुर्ची. पण मी उंबऱ्यावर उभी होते ती खुर्चीसाठी नाही, बाकासाठी.

इ.स.पू. ४९४ मध्ये, म्हणजे रोमन परंपरा जी साल सांगते ती, रोममधले सामान्य लोक, प्लेब्ज, शहर सोडून निघून गेले. कर्ज फिटत नव्हतं, कर्जापायी माणसं बांधली जात होती, लढाईला मात्र त्यांनाच बोलावणं यायचं. ते शहराबाहेर एका टेकडीवर जाऊन बसले, येत नाही म्हणाले. त्यातून जो समझोता झाला त्यात त्यांना त्यांचे स्वतःचे माणूस मिळाले, ट्रिब्यून. आधी मोजके, पुढे दहा. ह्या ट्रिब्यूनला लिक्टर नव्हते, जांभळा काठ नव्हता, हस्तिदंताची खुर्ची नव्हती. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही एवढं मात्र सगळ्या प्लेब्जनी शपथेवर ठरवलं होतं, आणि त्याला एकच गोष्ट करता यायची, मध्ये उभं राहून नाही म्हणता यायचं. अधिकारी एखाद्याला फरफटत नेत असेल तर ट्रिब्यून मध्ये पडला की थांबलं. त्याच्या घराचं दार रात्रीसुद्धा बंद करायचं नाही अशी रीत होती, कारण कुणाला कधी गरज लागेल सांगता येत नाही.

आणि सुरुवातीला ह्या ट्रिब्यूनांना सिनेटमध्ये आत यायला परवानगीच नव्हती. मग ते काय करायचे तर आपला बाक घेऊन यायचे आणि सिनेटच्या दाराशी बाहेर टाकून बसायचे. साधा बुटका लाकडी बाक, सबसेलियम, पाठ-बीठ काही नाही. आत ठराव झाला की तो बाहेर ह्यांच्याकडे यायचा, हे तो काळजीपूर्वक वाचून बघायचे, नको असेल तर अडवायचे, आणि हरकत नसेल तर खाली एक अक्षर लिहिलं जायचं, आजचं सी. जुन्या ठरावांच्या खाली ते अक्षर असायचं असं वलेरियस मॅक्सिमस ह्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. आत तीनशे खानदानी माणसं, आणि बाहेर बाकावर काही लोक, आणि त्या बाहेरच्यांनी बघितल्याशिवाय आतल्यांचं काही खरं नाही.

ते जुनं सिनेट आज दिसणाऱ्या कुरियाच्या जागी नव्हतं, जवळच होतं, तेव्हा मी ज्या उंबऱ्यावर उभी होते तो काही तो उंबरा नव्हे, हे मला माहीत होतं. तरी मी दाराच्या डाव्या बाजूला बघितलं. डाव्याच का ते तुम्हाला कळलं असेल.

दोन प्रकारची बसायची सोय रोममध्ये किती पक्की होती ते ईडाइलांवरून कळतं. ईडाइल म्हणजे रस्ते, बाजार, धान्य, खेळ हे बघणारे अधिकारी, शहराची रोजची कामं. चौघे असायचे, दोन प्लेब्जचे आणि दोन कुरुल. काम जवळजवळ तेच. पण कुरुल ईडाइलांना हस्तिदंताची खुर्ची आणि प्लेब्जच्या ईडाइलांना बाक. इ.स.पू. ८६ च्या सुमाराचं एक चांदीचं नाणं आहे, फानियस आणि क्रितोनियस ह्या दोन प्लेब्जच्या ईडाइलांनी पाडलेलं, त्यावर दोन माणसं एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेली दाखवलीत आणि समोर एक कणीस. मला ते नाणं फार प्रिय आहे. दुसऱ्या कुणाच्या नाण्यावर नुसती मोकळी खुर्ची आहे, रुबाबात, खाली कुणाच्या पूर्वजाचं नाव, आणि ह्यांनी मात्र स्वतः बाकावर बसून समोर धान्य ठेवलंय. आम्ही हे करतो, बघा.

पुढे ट्रिब्यूनांचा बाक हळूहळू आत गेला. फोरममध्ये बसिलिका पोर्किया नावाचा मोठा हॉल होता, रोममधला त्या प्रकारचा पहिला, थोरल्या केटोने इ.स.पू. १८४ मध्ये बांधलेला, तिथे ट्रिब्यून कामाला बसायचे. त्यांच्या बाकांच्या आड एक खांब यायचा. तो काढायचा किंवा सरकवायचा असं त्यांनी ठरवलं, तर थोरल्या केटोचा पणतू, धाकटा केटो, तेव्हा तरणा पोर, लोकांत बोलायला फारसा न आलेला, तो फक्त त्या खांबासाठी पहिल्यांदा फोरममध्ये भाषणाला उभा राहिला आणि त्याने खांब वाचवला. पणजोबांनी बांधलंय, हलणार नाही. बाक सरकवा म्हणे.

पण त्याच्याआधी एक फार वाईट दिवस आला होता आणि तो सांगितल्याशिवाय बाकाची गोष्ट पुरी होत नाही. इ.स.पू. १३३. तिबेरियस ग्राकस हा ट्रिब्यून, गरिबांना सरकारी जमीन वाटून द्यायचा कायदा त्याने केला. त्याच्या हातूनही चूक झाली, त्याने आपल्याच एका सोबती ट्रिब्यूनला, जो त्याच्या कायद्याला नाही म्हणत होता त्याला, लोकांच्या मतांनी पदावरून काढलं, म्हणजे नाही म्हणायच्या हक्कावर पहिला घाव त्याचाच. मला ग्राकसबद्दल खूप प्रेम आहे तरी हे मी टाळू शकत नाही. पुढच्या निवडणुकीच्या दिवशी कॅपिटोल टेकडीवर गोंधळ झाला, सिनेटर चालून आले, लोक पळाले, पळताना बाक मोडले, आणि सिनेटरांनी त्या मोडक्या बाकांचे तुकडे आणि पाय उचलून मारायला सुरुवात केली. ग्राकसच्या डोक्यात पहिला वार ज्याने केला तो सातुरेयस, तोसुद्धा ट्रिब्यूनच, आणि त्याच्या हातात बाकाचा पाय होता. त्या दिवशी तीनशेहून जास्त माणसं मेली, लाकडांनी आणि दगडांनी, एकही तलवारीने नाही. चरित्रकार प्लुटार्कने हे लिहिलंय तिथे तो बाक कुणाचा होता ते सांगत नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दाराशी टाकलेला तो जुना बाकच येतो, त्याला मी काय करू.

मधे सुल्ला ह्या हुकूमशहाने ट्रिब्यूनांचे हातपाय बांधले, पुढे इ.स.पू. ७० मध्ये ते सुटले, ते सगळं इथे सांगत बसत नाही.

नाटकाचं आणि खेळांचं थोडं सांगते कारण तिथेही हाच जागांचा खेळ. रोम वसल्यापासून साडेपाचशेहून जास्त वर्षं सगळे लोक मिसळून बसून खेळ बघायचे. इ.स.पू. १९४ मध्ये पहिल्यांदा सिनेटरांच्या जागा वेगळ्या काढल्या आणि लोक नाराज झाले, इतकी वर्षं आमच्या शेजारी बसताना काय अडत होतं म्हणाले. इ.स.पू. ६७ मध्ये, म्हणजे खुर्ची फोडली त्याच वर्षी, रॉस्कियस ओथोने कायदा करून सिनेटरांच्या मागच्या चौदा रांगा श्रीमंत एक्विटींना, म्हणजे घोडेस्वार म्हणवणाऱ्या वर्गाला, दिल्या, आणि चार वर्षांनी ओथो नाटकाला आला तेव्हा साध्या लोकांनी त्याची अशी हुर्यो उडवली की कॉन्सुल सिसेरोला सगळ्यांना उठवून बेलोनाच्या देवळाजवळ नेऊन समजावावं लागलं. पुढे पहिला बादशहा ऑगस्टस ह्याने तर सगळंच आखून टाकलं, सैनिक वेगळे, लग्न झालेले पुरुष वेगळे, शाळकरी मुलं वेगळी आणि त्यांचे मास्तर त्यांच्या शेजारी, आणि ग्लॅडिएटरांच्या खेळाला बायका एकदम वर. कोलोसियममध्ये वरच्या मजल्यावरून मी खाली बघितलं तर मैदान ताटाएवढं दिसतं. फक्त वेस्टा देवीच्या पुजारिणींना खाली, प्रेटरच्या चौथऱ्यासमोर मानाची जागा.

ह्याच जागांच्या बाबतीत इ.स. ५८ मध्ये दोन माणसांनी जे केलं ते ऐका. ऱ्हाईनच्या पलीकडचे फ्रिसियन लोक, त्यांचे दोन पुढारी, वेरितस आणि मालोरिक्स, जमिनीचा काही वाद घेऊन नीरो बादशहाकडे आले होते. भेट मिळेना, तेव्हा शहर दाखवायला म्हणून त्यांना रोममधल्याच, पॉम्पी नावाच्या सेनापतीने बांधलेल्या थिएटरात नेलं. नाटक त्यांना कळत नव्हतं, मग ते विचारायला लागले, हे कुठे कोण बसतंय, सिनेटर कोणते, घोडेस्वार कोणते. सिनेटरांमध्ये परदेशी पोशाखाचे लोक दिसले, ते कोण. जी राष्ट्रं शौर्यात आणि रोमच्या दोस्तीत पुढे आहेत त्यांच्या वकिलांना हा मान आहे, असं उत्तर आलं. शस्त्रात आणि इमानात जर्मनांच्या पुढे कोणी नाही, असं म्हणून ते दोघं उठले आणि खाली जाऊन सिनेटरांमध्ये बसले. लोकांना ते आवडलं, नीरोने दोघांना नागरिकत्व दिलं. जमीन मात्र सोडायला लावली, ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यावर घोडदळ घातलं. जागा मिळाली, जमीन गेली. मला ह्या दोघांचं फार वाईट वाटतं.

आता परत बाकाकडे. इ.स.पू. ६२. धाकटा केटो, तोच खांबवाला, आता स्वतः ट्रिब्यून झालेला. त्याच्या सोबतचा दुसरा ट्रिब्यून मेटेलस नेपोस एक ठराव आणणार होता की पॉम्पीला सैन्यासकट इटलीत बोलवा. कॅस्टरच्या देवळाच्या पायऱ्या शस्त्र घेतलेल्या माणसांनी भरलेल्या, आणि वर मेटेलस आणि सीझर शेजारी शेजारी बसून कुजबुजत होते. केटो आपला सोबती थर्मस ह्याचा हात धरून त्या गर्दीतून वर चढला आणि सरळ त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसला, की कुजबुज बंद. मग कारकून ठराव वाचायला लागला तर केटोने मनाई केली, मेटेलसने कागद स्वतः घेतला तर केटोने तो हातातून ओढला, मेटेलसला पाठ होता म्हणून तो तोंडी म्हणायला लागला तर थर्मसने त्याच्या तोंडावर हात ठेवला. नंतर दगड आले, काठ्या आल्या, केटोला त्या वर्षीचा कॉन्सुल मुरेना ह्याने आपल्या टोग्याखाली घेऊन देवळात नेलं. पण दोन मोठ्या माणसांच्या मधल्या त्या वीतभर जागेत जाऊन बसणं, ते मला बाकाचं खरं काम वाटतं. दाराबाहेर बसून जे करायचे तेच.

मग सीझर आला. इ.स.पू. ४५ मध्ये त्याची विजयाची मिरवणूक चालली होती, रथ ट्रिब्यूनांच्या बाकासमोरून गेला, सगळे उठले, एक जण उठला नाही, पोंटियस अक्विला. सीझर इतका चिडला की ओरडला, मग घे की माझ्याकडून राज्य परत, ट्रिब्यून अक्विला. आणि पुढे कित्येक दिवस कुणालाही काही कबूल करताना तो जोडून म्हणायचा, अर्थात पोंटियस अक्विलाची परवानगी असेल तर. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला दिवसेंदिवस सलत राहिलं ते काय, तर एक माणूस बसून राहिला. थोड्याच महिन्यांनी सगळी सिनेट मानसन्मानांचे ठराव घेऊन त्याच्याकडे आली तेव्हा तो स्वतः वीनसच्या देवळासमोर बसून होता आणि उठला नाही, आणि लोकांनी ते कधी विसरलं नाही. मार्चमध्ये ज्यांनी त्याला मारलं त्यांच्यात पोंटियस अक्विलाही होता.

पण मला सांगायचंय ती गोष्ट त्याच्यापेक्षा शांतपणे झाली, खंजीर नाही, काही नाही. इ.स.पू. ४८ मध्येच सीझरला एक मान दिला गेला होता, ट्रिब्यूनांच्या बाकावर त्यांच्या सोबत बसायचा. इ.स.पू. ३६ मध्ये तोच मान त्याच्या वारसाला, जो पुढे ऑगस्टस झाला. आणि इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टसने ट्रिब्यूनचा अधिकार जन्मभरासाठी घेतला. ट्रिब्यून न होता नुसता अधिकार. राजा हा शब्द नको होता, हुकूमशहा हा शब्द नको होता, त्यांना तो बाक हवा होता, कारण लोकांचं प्रेम तिथे होतं, हात न लावायची शपथ तिथे होती, नाही म्हणायची ताकद तिथे होती. त्यानंतरचे बादशहा आपल्या राज्याची वर्षं त्याच अधिकाराने मोजायचे, नाण्यांवर छापायचे, पहिलं, दुसरं, दहावं. ट्रिब्यून निवडले जातच राहिले, दर वर्षी दहा, पण बाक आता त्यांचा नव्हता.

आणि बादशहांना बसायचं भान नव्हतं असंही नाही. ऑगस्टसनंतरचा बादशहा तिबेरियस प्रेटरच्या कोर्टात जाऊन बसायचा तेव्हा चौथऱ्याच्या एका कोपऱ्यावर बसायचा, प्रेटरला त्याच्या खुर्चीतून उठावं लागू नये म्हणून. निकाल खरे लागायचे पण स्वातंत्र्य गेलं असं इतिहासकार टॅसिटस म्हणतो. कोपऱ्यात का असेना, तो बसलेला असायचा ना. आणि क्लॉडियस, महत्त्वाचा विषय असला की सिनेटमध्ये दोन कॉन्सुलांच्या हस्तिदंती खुर्च्यांच्या मध्ये बसायचा, आणि बसायचा कशावर, तर ट्रिब्यूनांच्या बाकावर. दाराबाहेर टाकलेला तो बाक साडेपाचशे वर्षांत असा चालत चालत उंबरा ओलांडून, सगळ्या सिनेटरांच्या मधून, थेट चौथऱ्यापर्यंत गेला होता आणि त्याच्यावर बादशहा बसला होता. दाराशी आता कोणी नव्हतं.

मी तिथे हेच बघत उभी होते. आतला चौथरा आणि बाहेरची ही मोकळी जागा, मध्ये फक्त रंगीत फरशी. भाचा म्हणाला मावशी, बस पकडायचीय.

घरी आल्यावर आण्णांना सगळं सांगितलं. आता ते ८४ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, फोटो लांब धरून बघतात. खुर्ची फोडल्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि उभं राहून काम केलं म्हटल्यावर मान हलवली. ट्रिब्यूनांचा बाक मी त्यांना वहीत काढून दाखवला, दार काढलं, दाराशी बाक काढला, हे इथे बसायचे, आत जायची परवानगी नव्हती म्हटलं. त्यांनी बोट ठेवलं, बाकावर नाही, दारावर.

"हे लावलेलं असायचं का गं?"

"नाही आण्णा, सिनेट भरली की दारं उघडीच ठेवायचे."

"पडदा?"

"पडदापण नाही."

ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

"मग आतलं ऐकू येत असेल त्यांना," आण्णा म्हणाले.